रोमन ‘क्लिएन्स’ला मराठीत काय म्हणावं? (‘आश्रित’ सोडून सुचवा)

शाईचा डाग
मंडळी, प्राचीन रोममधल्या रोजच्या जगण्यावरचं एक पुस्तक मराठीत आणतेय आणि पहिल्याच प्रकरणात गाडं अडलंय.

रोममध्ये बड्या माणसाच्या दारात उजाडता उजाडता माणसं जमायची. अंगावर लोकरीचा जडशीळ टोगा, उन्हाळा असो की हिवाळा. दिवसाचे पहिले दोन तास यातच जायचे. घरधनी एकेकाचा नमस्कार घ्यायचा, कुणाला ‘आज कोर्टात बरोबर चल’ म्हणायचा, कुणाच्या हातावर काही टेकवायचा. नमस्कार घेणारा तो पॅट्रोनस, करणारा तो क्लिएन्स. आपल्या ओळखीच्या क्लायंटचा पणजोबा.

मी सरळ ‘आश्रित’ लिहिलं. संपादकबाईंनी समासात विचारलंय, “हा त्यांच्याकडे जेवून-खाऊन राहतो का?” तर नाही ना राहत! त्याचं स्वतःचं घर असतं, धंदा असतो, कधी कधी तो चांगला पैसेवाला असतो आणि त्याच्या दारात त्याचे स्वतःचे क्लिएन्स उभे असतात. सकाळच्या त्या हजेरीला (सालुतातिओ) मी ‘मुजरा’ म्हटलं होतं. तेही खोडलं. शेरा: “वाचकाला घुंगरू ऐकू येतील.”

नाना वकील
यात अडण्यासारखं काय आहे? अशील. रोममध्ये कोर्टात बाजू मांडायचं काम पॅट्रोनसच करायचा. वकील आणि अशील हे नातं तिथूनच आलंय. एक शब्द, सगळ्यांना कळणारा.

जाता जाता: त्या कामाची फी घ्यायला इ.स.पू. २०४ च्या किंकियन कायद्याने बंदी होती.

तिखटजाळ
हे वाचून आख्ख्या बाररूममध्ये दोन मिनिटं शांतता पाळली असेल.

नाना वकील
काळजी नसावी. वकिलांनी केलेली नसली तरी वकिलांना सापडणार नाही अशी पळवाट नसते. अशील मंडळी मृत्युपत्रात वकिलाच्या नावे रक्कम ठेवायची. सिसेरो या नामांकित रोमन वकिलाला अशा वारशांतून दोन कोटी सेस्टर्सच्या (सेस्टर्स हे रोमन नाणं) वर मिळाले, हे त्याने स्वतःच्याच तोंडाने सांगितलंय. पुढे इ.स. ४७ मध्ये सम्राट क्लॉडिअसने फीची कमाल मर्यादाच घालून दिली, दहा हजार सेस्टर्स.

काना-मात्रा
नाना, अशील अगदीच उलटा बसतो. शब्द अरबी ‘असल’ या धातूतला. अशील म्हणजे मूळ धनी, ज्याचं काम आहे तो. वकील हा त्याने नेमलेला प्रतिनिधी. म्हणजे श्रेष्ठ कोण? अशील. रोममध्ये श्रेष्ठ कोण? पॅट्रोनस. तुम्ही नोकराला मालकाचं नाव देताय. असील कोंबडा म्हणतो आपण, जातिवंत, झुंजीचा, तोही याच कुळातला शब्द.

माझी सूचना: अनुजीवी. शुद्ध, नेमका आणि आजवर कुठे खर्च न झालेला.

नाना वकील
खर्च झाला नाही कारण कुणी विकत घेतला नाही. आणि व्युत्पत्तीवर खटले चालत नाहीत हो, वहिवाटीवर चालतात. माझा एकही अशील स्वतःला ‘मूळ धनी’ समजून ऑफिसात येत नाही. रडत येतो.

पडवीतला
कूळ घ्या की. आमच्याकडे रत्नागिरीत खोत आणि कूळ हे नातं असंच होतं. माझे आजोबा सांगायचे, मांडवावरची पहिली काकडी खोताच्या ओटीवर नेऊन ठेवायची, मग घरात चिरायची. लग्न ठरवायचं तर आधी खोताच्या कानावर. खोतही अडीनडीला उभा राहायचा, कुणाचं भांडण कचेरीपर्यंत गेलं की चार शब्द टाकायचा. खोती गेली, कुळकायदा आला, तरी आजोबा खोतांच्या अंगणात चपला काढूनच जायचे.

काना-मात्रा
कूळ जमिनीला बांधलेलं आहे, माणसाला नाही. कुळकायदा १९४८ चा घ्या, सगळा हिशोब जमिनीचा. क्लिएन्स पाचव्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत राहणारा, जमिनीचा तुकडा नावावर नसलेला शहरी माणूसही असायचा.

पडवीतला
तुम्ही कूळ फक्त सातबाऱ्यावर पाहिलंय, काना-मात्रा. माझा मुद्दा ओटीवरच्या काकडीचा होता.

साताऱ्याची सून
मला तर वाचताक्षणी ‘कार्यकर्ता’च डोळ्यांसमोर आला. साहेबांच्या बंगल्यावर सकाळी सात वाजता, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात अर्ज. साहेब बाहेर आले की सगळे उभे. कुणाच्या पोराची ॲडमिशन, कुणाची बदली. साहेब गाडीत बसले की मागे चार गाड्या. पॅट्रोनस कोर्टात निघाला की क्लिएन्स मागून घोळक्याने जायचे ना?

शाईचा डाग
अगदी तसेच जायचे! ज्याच्या मागे जास्त माणसं तो मोठा. आणि मार्शल नावाच्या पहिल्या शतकातल्या कवीची गंमत ऐक. स्पेनमधून रोमला आलेला, सकाळच्या या हजेऱ्यांना वैतागलेला. एका सकाळी त्याने केकिलियानुस नावाच्या माणसाला चुकून नुसत्या नावाने हाक मारली, ‘दोमिनुस’ (धनी) म्हणायचं राहून गेलं. त्या एका शब्दापायी त्या दिवसाचे शंभर क्वाद्रान्स (रोमन चिल्लर) बुडाले म्हणून कवितेत रडलाय.

तिखटजाळ
साहेब म्हणायचं राहिलं आणि पाकीट गेलं. अनुवादाची गरजच नाही याला.

मिलानकर
इथे इटलीत तो शब्द अजून दोन्हीकडे नांदतो. ‘क्लिएन्ते’ म्हणजे दुकानातलं गिऱ्हाईक, आणि ‘क्लिएन्तेलिझ्मो’ म्हणजे मतांच्या बदल्यात नोकऱ्या-कंत्राटं वाटायचं राजकारण. वर्तमानपत्रात दुसरा शब्द वारंवार दिसतो. म्हणजे साताऱ्याच्या सूनबाईंचा कार्यकर्ता फार लांब नाही. पण पुस्तकात ‘कार्यकर्ता’ वाचलं की वाचक पक्ष शोधायला लागेल.

निवांत
होयबा? हुजऱ्या? पित्त्या? मराठीत या मालाचा तुटवडा कधीच नव्हता.

शाईचा डाग
निवांत, हे सगळे शब्द माणसाला हिणवतात. तिथे ते नातं उघड आणि इभ्रतीचं मानलं जायचं, आणि बंधन दोघांवर होतं. बारा पाट्यांवरच्या कायद्यातच (इ.स.पू. ४५० च्या सुमाराचा) आहे की पॅट्रोनसने क्लिएन्सला फसवलं तर तो शापित ठरावा. जुन्या परंपरेप्रमाणे ही रीत रोम्युलसने घालून दिली. पॅट्रोनसने कायदा समजावून सांगायचा, कोर्टात उभं राहायचं. क्लिएन्सने काय करायचं? पॅट्रोनसला पैशांची अडचण असेल तर त्याच्या मुलीच्या हुंड्याला हातभार लावायचा, तो शत्रूच्या हाती सापडला तर खंडणी भरायची. आणि दोघांनी एकमेकांविरुद्ध साक्ष द्यायची नाही. हा कुठला पित्त्या?

पडवीतला
मुलीच्या लग्नाला हातभार! मग कूळच म्हणा. मी कधीपासून सांगतोय.

साताऱ्याची सून
पॅट्रोनसला ‘पोशिंदा’ म्हटलं तर? ‘लाख मरोत पण लाखांचा पोशिंदा जगो’, त्यात हे सगळं आलं. पलीकडच्याला मग नाव नसलं तरी चालेल, ‘त्याची माणसं’ म्हणायचं. आमच्याकडे तसंच म्हणतात. ‘तो पाटलांचा माणूस आहे.’ संपलं.

निवांत
+१. ‘अमक्याचा माणूस’ जबरदस्त आहे.

काना-मात्रा
पोशिंदा हा धेडगुजरी शब्द आहे. धातू आपला, शेपूट फारसी (बाशिंदा, परिंदा). राज्यव्यवहारकोश करवून घेणाऱ्या शिवरायांच्या मुलखात आपण अजून अशी शेपटं जपतोय. आणि हल्ली पोशिंदा म्हटलं की शेतकरी. ‘अमक्याचा माणूस’ ही बोली झाली, संज्ञा नव्हे. ‘क्लिएन्स राजे’ कसे लिहाल मग? ‘रोमची माणसं असलेले राजे’?

साताऱ्याची सून
त्यांना मांडलिक म्हणतात की, काना-मात्रा. प्रत्येक ठिकाणी एकच शब्द बसलाच पाहिजे हा हट्ट कशाला? आणि ‘अनुजीवी’ वाचून मला शेवाळातला एखादा जंतू वाटला, खरं सांगते.

काना-मात्रा
महापौर आणि दिनांक या शब्दांनाही लोक असेच हसले होते. आज तुमच्या धनादेशावर दिनांकच छापलेला असतो.

तिखटजाळ
आणि त्याला आम्ही ‘चेकवर डेट टाक’ म्हणतो.

शाईचा डाग
हाणामारी नको. एक उपप्रश्न: हातावर जे टेकवायचे त्याचं नाव ‘स्पोर्तुला’, मूळ अर्थ छोटी टोपली. आधी टोपलीतून खाणं द्यायचे, मग त्याऐवजी रोकड, ठरलेले शंभर क्वाद्रान्स. सार्वजनिक स्नानगृहात एका अंघोळीला एक क्वाद्रान्स पडायचा, त्यावरून अंदाज घ्या. डोमिशियन बादशहाने मध्येच रोकड बंद करून पुन्हा बसून जेवण घालायची रीत आणली. मी ‘शिधा’ लिहिलंय. बरोबर?

नाना वकील
शिधा छान. नंतर रोकड झाली तरी नाव शिधाच राहिलं, हेही आपल्याकडच्यासारखंच. भत्त्याला भत्ता म्हणतो आपण, त्यात भात कुठे असतो?

मिलानकर
वा नाना! बादवे, शाईताई, मुक्त केलेल्या गुलामांचं काय केलंत? मालकाने गुलामाला सोडलं की तो आपोआप त्याचा क्लिएन्स व्हायचा, मालकाचं नावही घ्यायचा. सिसेरोचा लेखनिक टिरो इ.स.पू. ५३ मध्ये सुटला तो मार्कस टुलिअस टिरो होऊन. तुमच्या शब्दात हाही मावला पाहिजे.

शाईचा डाग
‘मुक्त गुलाम’ लिहितेय, पण ते ‘गरम बर्फ’ वाटतं.

पडवीतला
गुलाम शब्दच मुळात ‘मुलगा’ ना? अरबीत.

काना-मात्रा
हो, गुलाम म्हणजे पोरगा. आणि रोमनही गुलामाला ‘पुएर’ म्हणजे पोरगाच म्हणायचे, मग तो साठ वर्षांचा का असेना. ग्रीकांचंही तेच. फार जुन्या काळी रोमन गुलामाला स्वतःचं नावसुद्धा नसायचं. मार्कसचा गुलाम तो मार्किपोर, लूकिअसचा तो लूकिपोर.

साताऱ्याची सून
मार्क्याचं पोर!!

तिखटजाळ
हॉटेलातला पोऱ्या! “ए पोऱ्या, फडकं मार.” म्हणजे आपला पोऱ्या थेट रोमहून आला?

काना-मात्रा
नाही, नाही, नाही. उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही. पुएर आणि संस्कृत ‘पुत्र’ हे लांबचे चुलत असावेत असं भाषाशास्त्रज्ञ मानतात, तेवढ्यावर थांबा. मराठी ‘पोर’ लॅटिनमधून आलेलं नाही.

पडवीतला
चेऊलच्या बंदरात रोमन व्यापारी यायचे. शब्द उतरला नसेल कशावरून?

काना-मात्रा
कशावरून उतरला, हे तुम्ही दाखवायचं असतं.

साताऱ्याची सून
शब्द कुठून का येईना, खोड सगळीकडे सारखी आहे. माझ्या जुन्या ऑफिसात पंचावन्न वर्षांचे काका होते, चहा आणायचे, फायली न्यायचे. हुद्दा ‘ऑफिस बॉय’. त्यांच्या निरोप समारंभाच्या फळ्यावरही तेच लिहिलं होतं.

निवांत
फॅमिली पण तिथलीच ना? माझे मामा अजून ‘आमची फॅमिली गावाला गेलीय’ म्हणतात, म्हणजे मामी. आजोबा त्याच अर्थाने ‘कुटुंब’ म्हणायचे.

मिलानकर
रोमन ‘फामिलिया’त तर गुलामही धरायचे. शब्दच ‘फामुलुस’पासून आलाय, म्हणजे नोकर. आणि त्या सगळ्यांच्या वर पाटेर फामिलियास, म्हणजे घराचा बाप. बाप जिवंत असेपर्यंत चाळीस वर्षांच्या मुलाच्याही नावावर काही नाही. जे काही वेगळं वापरायला मिळेल ते ‘पेकुलियम’, गुलामाला द्यायचे तेच नाव. त्याचं मूळ ‘पेकु’, म्हणजे गुरंढोरं. आपला ‘पशु’ त्याचा सख्खा चुलत, आणि हे मात्र काना-मात्रांनाही मान्य होईल.

काना-मात्रा
मान्य.

नाना वकील
पाटेर फामिलियासला ‘कर्ता’ लिहा. एकत्र कुटुंबाचा कर्ता. इन्कम टॅक्सवालेही तेच लिहितात. हा शब्द तरी वाद न घालता घ्या.

शाईचा डाग
घेतला. नाना, यावर वाद नाही. आता क्लिएन्स? पुढच्या आठवड्यात प्रकरण द्यायचंय हो. सध्या ‘पोशिंदा आणि त्याची माणसं’ टाकून ठेवलंय, कंसात एकदा मूळ शब्द देऊन.

काना-मात्रा
मूळ शब्द देणारच असाल तर निदान नीट द्या. एकीकडे पॅट्रोनस, दुसरीकडे क्लिएन्स, हे अर्धं इंग्रजी अर्धं लॅटिन चालणार नाही. पात्रोनुस लिहा. तसंच सिसेरो नव्हे, किकेरो. सीझर नव्हे, काएसार.

तिखटजाळ
किकेरो लिहिलंत तर तो ओळखीचा माणूस आहे हे कुणाला कळणारच नाही.

पडवीतला
कैसर-ए-हिंदमधला ‘कैसर’ तोच का? मग आपले जुने लोक सीझर म्हणणाऱ्यांपेक्षा बरोबर होते की.

काना-मात्रा
तो अरबी-फारसीतून आला, आणि ‘क’ टिकवून आला, हे खरं. पण म्हणून चेऊलचा मुद्दा सिद्ध होत नाही.

पडवीतला
मी चेऊलबद्दल वेगळा धागा काढतोय.