लिबकर्ल हँडहेल्डवर चालेना: 'जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड'

खटपट_मंडळ

गोदामात बारकोड वाचायला वापरतात तसला हातात धरायचा टर्मिनल आहे. आत एनएक्सपीची आय.एमएक्स ६ यूएलएल चिप (कॉर्टेक्स-ए७, एकच कोअर), २५६ एमबी रॅम, लिनक्स ४.१४, बिझीबॉक्स. '/लिब/लिबसी.एसओ.६' (म्हणजे जीलिबसी, सगळे प्रोग्रॅम वापरतात ती मूळ सी लायब्ररी) थेट चालवली की ती स्वतःची आवृत्ती सांगते, ती २.२८ आहे. उपकरणावर कंपायलर नाही, हेडर फाइली नाहीत, आणि विकणाऱ्याकडून एसडीके (उपकरणासाठी प्रोग्रॅम बांधायची साधनं) मिळेल ही आशा सोडली आहे.

आमचा सी++ प्रोग्रॅम स्कॅन केलेला डेटा एचटीटीपीएसने सर्व्हरला पाठवणार. त्यासाठी लिबकर्ल (नेटवरून डेटा पाठवणारी लायब्ररी), तिच्याखाली ओपनएसएसएल ३.० (एन्क्रिप्शनसाठी) आणि झेडलिब (डेटा आकसण्यासाठी) हवी. पीसीवर उबुंटू २२.०४ आहे आणि त्यातलाच 'आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ' जीसीसी (पीसीवर बसून एआरएमसाठी बांधणारा क्रॉस कंपायलर) एप्टने टाकला आहे.

झेडलिबचं कॉन्फिगर '--होस्ट' दिलं की 'अननोन ऑप्शन' म्हणून थांबतं. ओपनएसएसएलने तर 'आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ-आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ-जीसीसी: नॉट फाउंड' असा दुहेरी नावाचा एरर दिला. मेकफाइल हाताने बदलून दोन्ही मार्गी लावलं, कर्लही बांधून झालं. 'फाइल' कमांड ३२ बिट एआरएम दाखवते. उपकरणावर मात्र लोड होतानाच 'व्हर्जन जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड, रिक्वायर्ड बाय लिबकर्ल.एसओ.४'.

कर्लच्या कोडमध्ये एवढं नवं काय वापरलंय की २.३४ लागावी? उपकरणावरची जीलिबसीच बदलू का? की सगळं स्टॅटिक करू, म्हणजे लायब्ररी प्रोग्रॅमच्याच फाइलमध्ये भरू?

लोडर_लिंकर

आधी जीलिबसी बदलण्याबद्दल: अजिबात करू नका. लिबसी आणि तिचा लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी जोडणारा, तुमच्याकडे '/लिब/एलडी-लिनक्स-एआरएमएचएफ.एसओ.३') ही जोडी एकाच बिल्डमधली असावी लागते. एक बदलून दुसरा राहिला की पुढची कुठलीच कमांड चालत नाही. बिझीबॉक्सही त्याच लिबसीवर उभा आहे, म्हणजे 'एमव्ही' करून जुनी फाइल परत ठेवण्याचीही सोय उरत नाही. मग फ्लॅश पुन्हा भरणं आलं.

कर्लमध्ये नवं काही नाही. २.३४ मध्ये जीलिबसीने लिबपीथ्रेड, लिबडीएल वगैरे वेगळ्या लायब्ररी मुख्य लिबसीत विलीन केल्या. तसं करताना 'पीथ्रेड_क्रिएट', 'डीएलओपन' आणि खुद्द मेनच्या आधी चालणारं '__लिबसी_स्टार्ट_मेन' यांना २.३४ चा शिक्का, म्हणजे आवृत्तीची खूण, बसला. लिंकर नेहमी समोरच्या लिबसीतला डीफॉल्ट, म्हणजे सर्वांत नवा शिक्का उचलतो. उबुंटू २२.०४ च्या क्रॉस पॅकेजमध्ये जीलिबसी २.३५ आहे. त्यामुळे त्याने बांधलेला 'हॅलो वर्ल्ड'सुद्धा तुमच्या टर्मिनलवर हाच एरर देईल. करून बघा, खात्री पटेल. 'स्टॅट', 'एफस्टॅट'चं असंच २.३३ मध्ये झालं.

उलट दिशेने अडचण नसते. २.२८ समोर ठेवून बांधलेली लायब्ररी २.३५ वर चालते. तेव्हा तुम्हाला नवा कंपायलर नको, जुना सिसरूट (बांधताना समोर ठेवायचा हेडर आणि लायब्ररींचा संच) हवा. उपकरणाच्या लिबसीइतका किंवा त्याहून जुना.

सर्वांत कमी त्रासाचा मार्ग डेबियन १० (बस्टर) चा डॉकर कंटेनर. त्यात नेमकी जीलिबसी २.२८ आणि जीसीसी ८.३ आहे. बस्टर आता मुख्य आरशांवर नाही, म्हणून सोर्सेस.लिस्टमध्ये आर्काइव्ह.डेबियन.ऑर्ग लिहा. एप्टने तारखेवरून कुरकुर केली तर 'चेक-व्हॅलिड-अंटिल' फॉल्स करा. मग 'क्रॉसबिल्ड-एसेन्शियल-एआरएमएचएफ', 'पर्ल', 'पीकेजी-कॉन्फिग' टाका. पर्ल विसरू नका, ओपनएसएसएलचं कॉन्फिगर पर्लमध्येच आहे.

उपकरणावर जाण्याआधी पीसीवरच तपासायचं: 'रीडएल्फ' मोठ्या व्ही च्या पर्यायाने चालवा आणि 'जीलिबसी_' ग्रेप करा. २.२८ च्या वर एकही आकडा दिसता कामा नये. ऑब्जडंप वापरायचा तर क्रॉसवालाच घ्या. रीडएल्फला कुठलंही आर्किटेक्चर चालतं. त्याच्याच मोठ्या ए च्या पर्यायात 'टॅग_एबीआय_व्हीएफपी_आर्ग्ज: व्हीएफपी रजिस्टर्स' दिसलं पाहिजे. ते नसेल तर लायब्ररी सॉफ्ट-फ्लोट (दशांश आकडे साध्या रजिस्टरांतून देणारी) आहे आणि तुमच्या हार्ड-फ्लोट प्रोग्रॅमशी लिंकच होणार नाही.

अर्धा_बाइट

सिसरूटचं वर आलंच आहे. आता तिन्ही लायब्ररींचं. प्रत्येकीची तऱ्हा वेगळी आहे आणि मेकफाइल हाताने बदलावी लागली म्हणजे कुठला तरी पर्याय चुकलाय असं धरून चाला.

एक रिकामी स्टेज डिरेक्टरी करा. सगळीकडे प्रीफिक्स '/यूएसआर'च द्या आणि इन्स्टॉल करताना 'डेस्टडिर'मध्ये स्टेजचा पत्ता द्या. प्रीफिक्समध्ये पीसीवरचा होम डिरेक्टरीचा पत्ता घातला तर तो बायनरीत कोरला जातो. मग उपकरणावर ओपनएसएसएल तिथे नसलेल्या डिरेक्टरीत कॉन्फिग फाइल शोधत बसतं.

झेडलिबचं कॉन्फिगर दिसायला ऑटोकॉन्फसारखं (कॉन्फिगर स्क्रिप्ट आपोआप बनवणारं साधन), पण हाताने लिहिलेली साधी शेल स्क्रिप्ट आहे. तिला '--होस्ट' कळत नाही. 'सीहोस्ट' नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 'आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ' असं ठेवून ती चालवा, कंपायलर, एआर, रॅनलिब सगळं ती स्वतः जुळवते.

ओपनएसएसएलचं लक्ष्य 'लिनक्स-एआरएमव्ही४'. नावावर जाऊ नका, ३२ बिट एआरएमव्ही७ लाही हेच. '--क्रॉस-कंपाइल-प्रीफिक्स' द्या, शेवटच्या डॅशसह. दुहेरी नाव आलं कारण शेलमध्ये 'सीसी' आधीच एक्स्पोर्ट केलेलं होतं आणि प्रीफिक्स त्याच्यापुढे चिकटला. दोन्हींपैकी एकच ठेवा. '--ओपनएसएसएलडिर=/ईटीसी/एसएसएल' द्या. 'सीफ्लॅग्ज' स्वतः दिले तर त्याचे मूळचे फ्लॅग जातात, म्हणून '-ओ२' आठवणीने लिहा. इन्स्टॉलला 'इन्स्टॉल_एसडब्ल्यू' हे टार्गेट वापरा, नाहीतर शेकडो मॅन पेज बनवत वेळ जातो. निऑनसाठी (एआरएमच्या वेगवान गणिती सूचना) वेगळा फ्लॅग लागत नाही. असेंब्लीतले निऑन रूटीन ओपनएसएसएल चालताना सीपीयू पाहून निवडतं. '-एमसीपीयू=कॉर्टेक्स-ए७' मात्र जरूर द्या, हार्डवेअर भागाकाराच्या सूचना मिळतात.

कर्ल खरं ऑटोकॉन्फ. इथे '--होस्ट' आणि '--बिल्ड' दोन्ही लिहा. '--टार्गेट' फक्त कंपायलर बांधणाऱ्यांसाठी असतं, इथे त्याचा काही उपयोग नाही. '--बिल्ड' का लिहायचं? पीसीवर क्यूईएमयू-यूजर (दुसऱ्या चिपचे प्रोग्रॅम चालवणारं) बसवलेलं असेल तर एआरएमचा चाचणी प्रोग्रॅम पीसीवरही चालून जातो. मग कॉन्फिगर हे क्रॉस बिल्ड नाहीच असं समजून चुकीची उत्तरं लिहू शकतं.

मग 'सीपीपीफ्लॅग्ज'मध्ये स्टेजचा इन्क्लूड, 'एलडीफ्लॅग्ज'मध्ये स्टेजची लिब, आणि 'पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर' स्टेजच्या पीकेजीकॉन्फिग डिरेक्टरीकडे. 'पीकेजी_कॉन्फिग_पाथ' नाही! पाथ हा मूळ यादीत भर घालतो, लिबडिर मूळ यादीच बदलतो. पाथ वापरला तर पीसीवरची एक्स८६ झेडलिब सापडते आणि लिंकर 'स्किपिंग इनकंपॅटिबल' म्हणत राहतो.

'--विथ-ओपनएसएसएल' स्पष्ट द्या, ७.७७ पासून टीएलएस लायब्ररी सांगितल्याशिवाय कॉन्फिगर पुढे जात नाही. नव्या आवृत्त्या लिबपीएसएलही मागतात, ती नको असेल तर '--विदाउट-लिबपीएसएल'. एलडॅप, आरटीएसपी, टेलनेट, गोफर, आयमॅप, पॉप३, एसएमटीपी सगळे 'डिसेबल' करा. ब्रॉटली, झेडस्टँडर्ड, एनजीएचटीटीपी२, लिबआयडीएन२ 'विदाउट'. शेवटी 'मेक इन्स्टॉल-स्ट्रिप'. आणि हो, '.एलए' फाइली स्टेजमधून उडवा. लिबटूल त्यातला '/यूएसआर/लिब' खरा मानून पीसीच्या डिरेक्टरीत शिरतो.

सुटसुटीत

एवढं सगळं कशाला? झिग (स्वतःचा सी कंपायलर असलेली भाषा) उतरवा, 'झिग सीसी'ला टार्गेट 'आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ.२.२८' द्या. शेवटी ठिपका देऊन जीलिबसीची आवृत्ती लिहिता येते, कंटेनर लागत नाही. नाहीतर मसल (जीलिबसीऐवजीची छोटी सी लायब्ररी) घेऊन सगळं स्टॅटिक. एकच फाइल टाकायची, उपकरणावर काय आहे याची फिकीरच नाही.

लोडर_लिंकर

झिगचं ठीक आहे, आवृत्तीचा प्रश्न त्याने खरंच सुटतो. फक्त तो आतून क्लँग आहे. कॉन्फिगर स्क्रिप्टना 'सीसी' म्हणून दोन शब्द द्यावे लागतात आणि काही स्क्रिप्ट तिथे अडखळतात. दोन ओळींची रॅपर स्क्रिप्ट केली की भागतं.

स्टॅटिकमध्ये मसल आणि जीलिबसी यांची गल्लत नको. मसल स्टॅटिक व्यवस्थित चालतं, नावाचं आयपी शोधणं त्याच्या आतच असतं. जीलिबसी स्टॅटिक केली तर 'गेटअॅड्रइन्फो'पाशी लिंकर इशारा देतो: चालवताना त्याच आवृत्तीच्या शेअर्ड लायब्ररी लागतील. कारण जीलिबसी डीएनएससाठी एनएसएस (नावं शोधणारी) मॉड्यूल चालता चालता उघडते. इशारा असतो, एरर नसतो. त्यामुळे बिल्ड पार पडतो आणि उपकरणावर आयपीने सगळं चालतं, नावाने मात्र नाही. पुढे ओपनएसएसएलची सुरक्षा दुरुस्ती आली की स्टॅटिकमध्ये पूर्ण प्रोग्रॅम पुन्हा बांधावा लागतो. तीसएक टर्मिनल असतील तर चालेल, हजार असतील तर मी शेअर्डच ठेवीन.

खटपट_मंडळ, तुमचा प्रोग्रॅम सी++ आहे, तेव्हा लिबएसटीडीसी++ चाही असाच शिक्का असतो. उबुंटू २२.०४ चा रनटाइम 'जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.३०' पर्यंत जातो, जीसीसी ८ चा ३.४.२५ पर्यंत. उपकरणावरची त्याहूनही जुनी निघाली तर फक्त तुमच्या प्रोग्रॅमला '-स्टॅटिक-लिबएसटीडीसी++' आणि '-स्टॅटिक-लिबजीसीसी' लावा.

खटपट_मंडळ

बस्टर कंटेनरने २.३४ चा प्रश्न मिटला, रीडएल्फमध्ये सर्वांत वरचा आकडा २.२८ च. आता दोन नवे. पेनड्राइव्हवरून कॉपी केल्यावर 'लिबएसएसएल.एसओ.३: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल'. नावं बदलून ते चाललं, पण कर्ल ६० नंबरचा एरर देतं. पीसीवर त्याच सर्व्हरला काही अडचण नाही.

अर्धा_बाइट

पेनड्राइव्ह फॅट असणार. फॅटवर सिमलिंक राहत नाहीत, एक्झिक्यूट परवानगीही नाही. टार करून न्या आणि उपकरणावरच उघडा. लायब्ररी '/लिब'मध्ये मिसळू नका. प्रोग्रॅम ज्या डिरेक्टरीत आहे तिच्या शेजारी 'लिब' डिरेक्टरी करा आणि लिंक करताना आरपाथ (लायब्ररी कुठे शोधायची तो बायनरीत लिहिलेला पत्ता) 'डॉलर-ओरिजिन/../लिब' द्या. मेकफाइलमध्ये डॉलर दोनदा लिहा, शेलपासून वाचवायला एकेरी अवतरणात ठेवा. ओपनएसएसएल आणि कर्ल बांधतानाही तोच आरपाथ द्या, कारण लिबकर्लला लिबएसएसएल शोधताना प्रोग्रॅमचा रनपाथ वापरला जात नाही. कोण कुठून लोड होतंय ते पाहायला बिझीबॉक्समध्ये 'एलडीडी' नसेल, पण लोडरलाच '--लिस्ट' देऊन प्रोग्रॅमचं नाव सांगितलं की तो यादी छापतो.

६० म्हणजे सर्टिफिकेट पडताळता आलं नाही. क्रॉस बिल्डमध्ये कर्लचं कॉन्फिगर सीए फाइलची (विश्वासू प्रमाणपत्र संस्थांच्या यादीची) जागा शोधतच नाही, तसं ते छापतं पण त्या गर्दीत दिसत नाही. '--विथ-सीए-बंडल'ला उपकरणावरचा पत्ता द्या किंवा प्रोग्रॅममध्ये 'कर्लऑप्ट_सीएइन्फो' लावा. मोझिलाच्या यादीवरून बनवलेली 'सीएसर्ट.पेम' कर्लच्या संकेतस्थळावर मिळते, ती ठेवा. 'व्हेरिफायपीअर' शून्य करून एरर घालवू नका, मग एचटीटीपीएसला अर्थ उरत नाही.

तरीही ६० आला तर 'डेट' कमांड चालवा. १९७० दिसलं तर सर्टिफिकेट 'नॉट येट व्हॅलिड' ठरतं.

लोडर_लिंकर

तारखेसाठी बिझीबॉक्सचं 'एनटीपीडी' एकदा 'क्यू' पर्यायाने चालवा आणि मग 'एचडब्ल्यूक्लॉक'ने आरटीसीत (उपकरणाच्या घड्याळात) लिहा. या चिपचं आरटीसी एसएनव्हीएस भागात आहे. त्याची बटन सेल बोर्डवर बसवलेलीच नसेल तर मुख्य बॅटरी काढली की तारीख पुन्हा १९७० वर जाते. अशा वेळी बूट स्क्रिप्टमध्ये नेटवर्क उठल्यावर आधी वेळ, मग प्रोग्रॅम, हा क्रम ठेवावा लागतो.

त्याच बूट स्क्रिप्टमध्ये आणखी एक अडथळा येऊ शकतो. ४.१४ कर्नलमध्ये 'गेटरँडम' पुरेशी एन्ट्रॉपी (यादृच्छिकतेचा साठा) जमेपर्यंत थांबून राहतं, आणि ओपनएसएसएल तेच वापरतं. बूटनंतर लगेच पहिली एचटीटीपीएस जोडणी गोठल्यासारखी वाटली तर 'डीमेसेज'मध्ये 'सीआरएनजी इनिट डन' किती सेकंदांनी आलंय ते पाहा. '/डेव्ह/यूरँडम'मध्ये जुनं बीज लिहिल्याने हे थांबणं कमी होत नाही, कर्नल त्याला एन्ट्रॉपी म्हणून मोजत नाही. एन्ट्रॉपी जमवणारा 'हॅवेज्ड' टाका, तेही याच कंटेनरमध्ये बांधून.