रोलांदो रिवी : रक्तसाक्षी की यादवीचा बळी?

वसईकर : काल येथे एका सदस्याने लिहिले की, रोलांदो रिवी या चौदा वर्षांच्या इटालियन सेमिनरियनला (म्हणजे धर्मगुरू होण्याचे शिक्षण घेणाऱ्या मुलाला) संतपदाच्या वाटेवर बसवणे म्हणजे चर्चने कम्युनिस्टांवर उगवलेला जुना सूड आहे. हे वाचून राहवले नाही. 1944 साली मारोलाची सेमिनरी बंद पडल्यावर हा मुलगा आपल्या गावी परतला आणि आईवडिलांनी विनवूनही त्याने अंगावरचा सेमिनरीचा झगा उतरवला नाही. 10 एप्रिल 1945 रोजी पुस्तके घेऊन रानाकडे अभ्यासाला गेलेल्या या मुलाला कम्युनिस्ट पार्टिझनांनी, म्हणजे जर्मन आणि फॅसिस्टांशी लढणाऱ्या गनिमांनी, पळवले, बेदम मारले आणि 13 तारखेला गोळ्या घातल्या. झग्याची गुंडाळी करून ती त्यांनी चेंडूसारखी लाथाडली. तो हेर होता, असा त्यांचा आरोप; पण हेरच मारायचा होता, तर कापडावर एवढा राग कशासाठी?

इतिहासप्रेमी : त्याला मारले त्याच मोंकियो परिसरात वर्षभरापूर्वी, 18 मार्च 1944 रोजी, जर्मन सैन्याने शंभराहून अधिक गावकरी ठार केले होते आणि त्यांत लहान मुलेही होती. त्यांच्यासाठी कोणत्या वेदीवर मेणबत्ती लागते? शिवाय झग्याच्या हट्टाचे एवढे कौतुक नको. माझा भाचा सेमिनरीत ‘ब्रदर’ आहे. तो लोकलमध्ये झगा पिशवीत ठेवतो आणि गावच्या आजारी माणसांची औषधे मात्र न चुकता पोचवतो. तो काय कमी श्रद्धावान?

उत्तनची लेक : भाच्याला कोणी कमी म्हटले? माझा भाऊ चार वर्षांनी सेमिनरी सोडून आला, तेव्हा आईने त्याचा झगा इस्त्री करून ट्रंकेत ठेवला. तो आजही तिथेच आहे. ज्यांच्या घरात असा झगा नाही, त्यांनी ‘हट्ट’ हा शब्द जरा जपून वापरावा.

इतिहासप्रेमी : भावना पुढे केल्या की वाद संपला, असे दिसते!

वसईकर : मग भावना बाजूला ठेवू. 1951 साली लुक्काच्या न्यायालयाने दोघांना या खुनासाठी दोषी ठरवले. तो निवाडा काही व्हॅटिकनचा नव्हता. 5 ऑक्टोबर 2013 रोजी मोदेनात चर्चने त्याला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले, ते श्रद्धेच्या द्वेषापोटी हत्या झाली हे मान्य करूनच. रक्तसाक्ष्याला, म्हणजे श्रद्धेसाठी जीव गेलेल्याला, त्या पायरीवर चमत्कार लागत नाही. संतपदासाठी मात्र तो लागेल.

इतिहासप्रेमी : बरे, खून हा खूनच आणि मुलगा निरपराध, एवढे लिहून देतो; हवे तर फ्रेम करून लावा. मोंकियोच्या मुलांचे उत्तर मात्र अजून आलेले नाही.