समुद्रात कार्बन मुरवण्याच्या संशोधनाला सरकारी पैसा द्यावा का?

दर्यावर्दी
ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेजवळ, गल्फ ऑफ मेनमध्ये, वुड्स होल संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जहाजातून सुमारे ६५ हजार लिटर कॉस्टिक सोड्याचं द्रावण समुद्रात सोडलं. ते कुठे पसरतंय ते दिसावं म्हणून सोबत लाल रंग. परवानगी तिथल्या पर्यावरण खात्याची, पैशांत सरकारी वाटा. पाण्याचा अल्कधर्म वाढला की विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट होतं, आणि ती तूट भरायला हवेतला वायू पाण्यात ओढला जातो. बायकार्बोनेट हजारो वर्षं तसंच राहतं.

असलं संशोधन सरकारनंच करावं, आणि आतापेक्षा जास्त करावं, असं माझं मत. आपल्या उत्सर्जनाचा जवळपास चौथा हिस्सा समुद्र आजही गिळतोच आहे. नेट झिरो, म्हणजे जेवढं सोडतो तेवढं काढून घेणं, गाठायचं तर हवेतून कार्बन काढणं टळणार नाही, हे आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-शास्त्रज्ञांच्या मंडळानंही लिहून ठेवलंय. हे काम नुसतं कंपन्यांवर सोपवलं तर कार्बन क्रेडिट, म्हणजे "इतका कार्बन काढला" अशी विकाऊ प्रमाणपत्रं, आधी विकली जातील आणि मोजमाप सावकाश होईल.

बांधावरून
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! कोळसा, तेल आणि गॅस जाळून जग वर्षाला ३७ अब्ज टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतं. ब्रिटिश सरकारनं वेमथच्या किनाऱ्यावर समुद्राच्या पाण्यातून तो काढायचा प्रकल्प उभा केला, ३० लाख पौंड घालून. क्षमता वर्षाला फार तर १०० टन. भागाकार तुम्हीच करा.

आणि कॉस्टिक सोडा काय झाडाला लागतो? मिठाच्या पाण्यातून वीज सोडून तो बनवतात. ती वीज कोळशाची असेल तर एका हातानं काढायचं, दुसऱ्या हातानं सोडायचं. तेल कंपन्यांना मात्र "बघा, उपाय येतोय" म्हणायची सोय झाली.

दर्यावर्दी
१०० टनांचा तो प्रयोग आहे, कारखाना नाही. विजेचा मुद्दा रास्त आहे. पण किती वीज लागते हे तरी प्रयोगाशिवाय कसं कळणार?

मचवा
गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा लोहाफेक्स हा प्रयोग कुणाला आठवतोय का? २००९ च्या सुरुवातीला जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेबरोबर, पोलारस्टर्न जहाजावरून, दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह सोडलं होतं. कल्पना अशी की लोहानं वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती, वाढतील, कार्बन शोषतील आणि तो घेऊन तळाशी जातील. प्लवक वाढलंही. पण कवचासाठी सिलिका लागणारे डायटम नावाचे प्लवक तिथे फोफावलेच नाहीत, कारण पाण्यात सिलिका नव्हती. जे वाढलं ते कोपेपॉड नावाच्या बारीक प्राण्यांनी खाल्लं, त्यांना अँफिपॉडनी. तळाकडे गेलेला कार्बन नगण्य. म्हणजे फसला. पण का फसला ते छापून आलं, म्हणून आज आपण इथे त्यावर बोलतोय.

आता २०१२ चं हैदा ग्वाई बघा. कॅनडाच्या पश्चिमेला एका खासगी मंडळानं १०० टनांच्या आसपास लोहसंयुग ओतलं. बोंबाबोंब भरपूर झाली, विज्ञानाच्या हाती काय लागलं? मी सरकारी पैशाच्या बाजूनं.

बांधावरून
अर्धीच गोष्ट सांगितलीत. लोहाफेक्सचं जहाज निघाल्यावर जर्मनीचं पर्यावरण मंत्रालय म्हणत होतं थांबवा, संशोधन मंत्रालयानं शेवटी परवानगी दिली. सरकार एक, तोंडं दोन!

खारफुटी
माझी हरकत मोजमापावर आहे. कॉस्टिक आज टाकलं तरी हवेतला वायू लगेच आत येत नाही. समतोल व्हायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. तोवर ते पाणी कुठल्या कुठे गेलेलं असतं, आणि फरक इतका बारीक की नैसर्गिक चढउतारांत बुडून जातो. म्हणजे "इतके टन काढले" हा आकडा शेवटी मॉडेलमधूनच येणार. त्यातही पाणी वेळेआधी खोल गेलं तर हवेशी संबंधच तुटतो, आणि खर्च केलेलं कॉस्टिक निदान काही शतकांसाठी वाया.

दर्यावर्दी
अहो, मी तेच म्हणतोय! २०२३ मध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याच्या आर्पा-ई संस्थेनं ११ प्रकल्पांना ३.६ कोटी डॉलर जाहीर केले, ते नेमके सेन्सर आणि मॉडेल यांच्यासाठी. क्रेडिट विकून पोट भरणारी कंपनी स्वतःचा आकडा खाली आणणारा सेन्सर कशाला बनवेल?

खारफुटी
मग एक अट घाला. एखाद्या पद्धतीचे निष्कर्ष, फसलेले धरून, जाहीर होईपर्यंत तिच्यावर एकही क्रेडिट विकायचं नाही. आणि जिथे प्रयोग होणार तिथल्या मच्छीमारांना आधी विचारायचं. नुसती नोटीस लावून चालणार नाही. एवढं असेल तर माझा विरोध नाही.

दर्यावर्दी
दोन्ही मान्य.

बांधावरून
मला नाही. खोल समुद्रात ही अट पाळायला लावणार कोण? समुद्रात काही टाकण्यावर बंधनं घालणाऱ्या लंडन प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारात, असल्या प्रयोगांना नियम लावायलाच, २०१३ साली दुरुस्ती झाली. पुरेशा देशांनी मान्यता दिली नाही, म्हणून ती अजून लागूच झालेली नाही. आधी ती लागू करा, मग पैशाचं बोलू.