खालिद जमीलला ‘बसवाला’ म्हणणाऱ्यांशी दोन शब्द

कूपरेजकर
नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यात आपल्या फुटबॉल टीमचं ०-१ झालं. बांगलादेशकडून २२ वर्षांनी हरलो. त्याच रात्री इथे एका गृहस्थांनी आपला कोच खालिद जमीलबद्दल लिहिलं, “दुखापतीने खेळ संपला म्हणून कोच झालेला माणूस. गोलसमोर बस उभी करण्यापलीकडे, म्हणजे सगळी टीम बचावाला लावण्यापलीकडे, काही येत नाही. एका ऐझॉलच्या पुण्याईवर किती दिवस काढणार?” खाली अंगठ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, मग मुंबई एफसी. कुवेतमध्ये जन्मलेल्या ह्या माणसाने सगळी क्लब कारकीर्द मुंबईत काढली. देशाकडूनही खेळला. २००९ ला मुंबई एफसीचा कोच झाला आणि सात मोसम राहिला. त्या टीमकडे पैसा किती होता हे मुंबईच्या कूपरेज मैदानाच्या स्टॅण्डमध्ये बसणाऱ्यांना सांगायला नको. दर मोसमात पेपरवाले लिहायचे, “यंदा नक्की खालच्या लीगमध्ये जाणार.” एकदाही गेली नाही. २०१६ ला त्याला नारळ दिला. पुढच्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन खाली गेली, आणि आपल्या माणसाने मिझोरामच्या ऐझॉलला आय-लीग, तेव्हाची देशातली वरची लीग, जिंकून दिली. मोहन बागानपेक्षा एक गुण जास्त, ३७ आणि ३६. ईशान्येकडचा पहिला विजेता क्लब. आशुतोष मेहता, जयेश राणे ही पोरं त्याने मुंबईहूनच नेली होती, इथे ज्यांना कुणी विचारत नव्हतं.

ही पुण्याई नाही, नजर आहे.

बालेवाडी ब्लॉक
तो गृहस्थ मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

ऐझॉल मान्य. पण ते २०१७. त्यानंतर? ईस्ट बंगालमध्ये एक मोसम, चौथा नंबर, सुपर कपच्या फायनलमध्ये बंगळुरूकडून ४-१, निरोप. मग आयएसएल, आताची देशातली वरची लीग. तिथे नॉर्थईस्टला हंगामी म्हणून आला तेव्हा प्ले-ऑफला नेलं, ठीक. कायमचा कोच केल्यावर अकरात दहावा. जमशेदपूरचं कौतुक सगळे करतात. २०२५ च्या सुपर कप फायनलमध्ये एफसी गोवाने ३-० धुतलं ते कोणी सांगत नाही.

आणि बसचं म्हणाल तर मी ती डोळ्यांनी पाहिली आहे. पुण्यात बालेवाडीला तुमची मुंबई एफसी यायची. सत्तराव्या मिनिटापासून त्यांचा गोलकीपर प्रत्येक गोल किकआधी मोजे वर ओढायचा. आधी डावा, मग उजवा, मग परत डावा. बायको म्हणाली, “हे बघायला तीन बस बदलून आलो?” त्यानंतर ती कधी आली नाही.

कूपरेजकर
वहिनींचं दुःख समजलं. पण पुणे एफसीचं बजेट आणि आमचं बजेट शेजारी ठेवा, मग मोज्यांबद्दल बोलू. गरिबाने दार लावून घेतलं तर त्याला भित्रा म्हणायचं का?

आयएसएलमध्ये जमशेदपूर पाचवे आले. सेमीफायनलच्या पहिल्या लेगमध्ये मोहन बागानला २-१ हरवलं. दुसऱ्या लेगमध्ये शेवटच्या क्षणी बागानच्या अपुइयाचा तो गोल बसला नसता तर आज तुम्ही वेगळं लिहिलं असतंत.

मडगांवकार
मुंबईवाले बोलायला लागले की सगळं कूपरेजवरच सुरू होतं नि कूपरेजवरच संपतं. महिंद्रने २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली तेव्हा कोच कोण? डेरिक परेरा. गोंयकार. पुणे एफसीला दुसऱ्या नंबरावर कोणी नेलं? तोच. आर्मांदो कुलासोंनी गोव्याच्या धेंपोला पाच वेळा देशाचं विजेतेपद दिलं. त्यांच्या हातात देशाची टीम किती दिवस दिली बघा. साविओ मेदेरानंतर १३ वर्षं भारतीय कोच नको होता, आणि आता एकदम ‘आपला माणूस’!

आणखी एक. ऐझॉल २०१६ ला खाली गेलेलं होतं. आमचे धेंपो, साळगांवकर, स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले, म्हणून त्यांना परत घेतलं. आम्ही खुर्च्या सोडल्या तेव्हा तुमचा चमत्कार झाला. आभार कोण मानणार?

कूपरेजकर
घ्या, आभार. पण खुर्ची मिळाली म्हणून कोणी लीग जिंकत नाही. खुर्च्या बाकीच्या नऊ जणांनाही होत्या.

रंकाळा कट्टा
राव, एवढा वेळ वाचतोय. मुंबई, पुणं, गोवा. कोल्हापूरचं नाव काढायला कुणाची जीभ जड झाली काय? शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ मॅच असली की दुपारपासून भिंतीवर पोरं. ऑफिसातनं डोकं दुखतंय म्हणून सुटायचं, तर साहेब आधीच स्टॅण्डमध्ये बसलेला. तुमच्या कूपरेजला पाच हजार खुर्च्या आणि त्यातल्या निम्म्या रिकाम्या. फुटबॉल कुठं जिवंत हाय ते बघा आधी, मग कोच कुणाचा ते ठरवा.

अनिकेत जाधव २०१७ चा १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला. कोल्हापूरचा गडी.

बालेवाडी ब्लॉक
कोल्हापूरचा गडी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला हेही सांगा की. तालमींच्या फुटबॉलमध्ये खेळापेक्षा ईर्ष्या जास्त. रेफरीला संरक्षणात बाहेर न्यावं लागतं.

रंकाळा कट्टा
ईर्ष्या हाय म्हणून टीमा हायत! तुमच्या बालेवाडीत किती क्लब मेले ते मोजून सांगू? पुणे एफसी. भारत एफसी, एका मोसमात गार. डीएसके शिवाजियन्स. एफसी पुणे सिटी, ती तर उचलून हैदराबादला नेली. चार! चार क्लब पुरून वर आम्हाला शिस्त शिकवायला निघालाय. आमच्या तालमी वर्गणीवर चालतात. मालक कंटाळला म्हणून तालीम बंद पडलीय असं एक उदाहरण दाखवा.

बालेवाडी ब्लॉक
क्लब मी बंद केले का? मी सीझन तिकीट काढणारा माणूस. चारही वेळा पैसे भरले, चारही वेळा जर्सी घेतली. आता एकीने स्कूटर पुसतो.

हारवूडची लेक
हसू आलं, पण जर्सीवरून आठवलं. माझे बाबा एका सरकारी खात्याच्या टीमकडून मुंबईची हारवूड लीग खेळायचे. सकाळी सरावाला, अकराला टेबलावर, संध्याकाळी मॅच. दोन बूट होते, एक उन्हाळ्याचा आणि एक पावसाचा. पावसाळ्याच्या बुटात आई वर्तमानपत्राचे बोळे कोंबून गॅसच्या मागे ठेवायची, आणि घरभर तो वास. खेळ सुटला तरी नोकरी होती, म्हणून आम्ही शिकलो.

खालिदची पिढी त्या व्यवस्थेची शेवटची. एअर इंडिया, महिंद्र, ओएनजीसी. महिंद्रने २०१० ला टीमच मोडली. हे सगळं बुडत असताना एक माणूस त्यातून निघून कोच होतो, एकेक लायसन्स करत प्रो लायसन्सपर्यंत पोचतो, आयएसएलमध्ये कायमचा मुख्य कोच होणारा पहिला भारतीय ठरतो. इथे कितीजणांच्या ओळखीत असे किती आहेत? माझ्या भावाने पहिल्या पायरीचं लायसन्स केलं. पाच वर्षं एका अकादमीत मुलांना कोन लावून पळवलं. तीन महिन्यांचा पगार अजून बाकी आहे. आता विमा विकतो. बस उभी केली म्हणून हसणाऱ्यांनी आधी बस चालवून दाखवावी.

बालेवाडी ब्लॉक
ताई, तुमच्या बाबांबद्दल आणि भावाबद्दल आदर आहे. पण भावाचा पगार राहिला म्हणून सिंगापूरविरुद्ध फातोर्डाला १-२ हरणं चालतं असं होत नाही. खालिदच्या आधीचा कोच मार्क्वेझ, त्याला आपण शिव्या घातल्या. आशियाई चषकाच्या पात्रतेत शिलाँगला बांगलादेशशी ०-०, हाँगकाँगमध्ये ०-१. दोन सामने, एक गुण. खालिद: तीन सामने, एक गुण. आशियाई चषक गेला. कोच आपला असला की गणित बदलतं का?

मडगांवकार
फातोर्डाला मी होतो. माझ्या पुढच्या दोन रांगा मोकळ्या. छांगटेने लांबून मारलेला तो गोल, चौदावं मिनिट, आम्ही सगळे उभे. मग हळूहळू टीम मागे मागे जायला लागली. माझ्या शेजारचा म्हातारा, धेंपोच्या वेळचा, अर्ध्या तासातच म्हणाला, “हांगा गोल खातले.” मध्यंतराच्या तोंडावर खाल्ला. दुसरा त्यानंतर. दोन्ही साँग उई-यंगचे. आघाडी घेतल्यावर गरिबीची सवय सुटत नाही, हे मात्र खरं. इथे मी पुणेकराच्या बाजूने, नाइलाजाने.

कूपरेजकर
फातोर्डाचं मान्य. सिंगापूरसमोर घरच्या मैदानावर आपण गरीब नव्हतो, तिथे दार लावायला नको होतं. झालं समाधान?

पण ओमान विसरू नका. काफा नेशन्स कप, मध्य आशियाची स्पर्धा, सप्टेंबर २०२५. नोकरीला एक महिना झालेला, मोहन बागानने खेळाडू सोडायला नकार दिलेला. क्रमवारीत पन्नासेक पायऱ्या वरच्या ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर. त्याआधी ओमानला कधीच हरवलं नव्हतं. वर ढाक्याच्या वेळी इथे लीग कधी सुरू होणार तेच कोणाला ठाऊक नव्हतं, खेळाडू घरी बसून होते. मॅच फिटनेस काय कोचने शिट्टी वाजवून आणायचा?

बालेवाडी ब्लॉक
लीगचं मान्य. ओमानचं अर्धं मान्य, पेनल्टीला मी विजय म्हणत नाही. ‘दुखापतीने खेळ संपला म्हणून कोच’ हे वाक्य मागे घेतो, ते ताईंसाठी. बसवाला मागे घेत नाही.

रंकाळा कट्टा
स्कूटर पुसायची जर्सी कुठल्या टीमची हाय?

बालेवाडी ब्लॉक
भारत एफसी. कापड चांगलं होतं.

रंकाळा कट्टा
मग पुसू नका, जपून ठेवा. हंगाम सुरू झाला की या कोल्हापूरला, वहिनींना घेऊन. मोजे वर ओढणारा गोलकीपर आमच्याकडं पाच मिनिटं टिकत नाही, पब्लिक खाली उतरतंय.

बालेवाडी ब्लॉक
हेच तर मघाशी म्हणत होतो!