‘वॉरगेम्स’मधलं हॅकिंग कितपत खरं?

सायली_के: काल मुलासोबत १९८३ चा ‘वॉरगेम्स’ पाहिला. शाळकरी पोरगा घरून फोन लावून थेट अमेरिकी लष्कराच्या संगणकात घुसतो आणि अणुयुद्धाची वेळ येते! लेक मागे लागलाय, यातलं खरं किती?

जुना_मॉडेम: सायलीताई, मी डायल-अपच्या जमान्यात नेटवर्कची कामं केली आहेत. यातलं सगळ्यात खरं दृश्य सगळ्यात साधं आहे. शाळेच्या ऑफिसात टेबलापाशी कागदावर पासवर्ड लिहिलेले असतात, जुने खोडलेले, शेवटचा ‘पेन्सिल’. अशी चिठ्ठी आजही कुठल्याही ऑफिसात सापडेल. मग तो पोरगा फोनचा रिसीव्हर मॉडेमच्या, म्हणजे फोनलाइनवरून संगणक जोडणाऱ्या यंत्राच्या, दोन खळग्यांत ठेवतो आणि संगणकाला ओळीने नंबर फिरवायला लावतो. पलीकडून दुसऱ्या संगणकाचा सूर आला की नंबर टिपून ठेवायचा. हे तंत्र अस्सल आहे. त्याला ‘वॉरडायलिंग’ हे नाव पडलं तेच या चित्रपटावरून.

साफ खोटं म्हणजे शेवटी क्षेपणास्त्राचा कोड एकेक अक्षर करत सापडतो ते. कोड चुकला तर कुलूप फक्त ‘चूक’ म्हणतं. पहिलं अक्षर जमलं, दुसरं शोध, असं सांगत बसलं तर त्याला कुलूप कशाला म्हणायचं?

रानवाट: पण लष्कराचा संगणक बाहेरून फोनवर मिळेल? पटत नाही.

जुना_मॉडेम: तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनाही हाच प्रश्न पडला होता. जून १९८३ मध्ये कॅम्प डेव्हिडला त्यांनी हा चित्रपट पाहिला आणि असं खरंच होऊ शकतं का, ते अमेरिकी सैन्यदलांचे प्रमुख जनरल व्हेसींना विचारलं. आठवड्याभराने उत्तर आलं: परिस्थिती तुम्हाला वाटते त्याहून वाईट आहे. पुढच्या वर्षी सरकारी संगणकांच्या सुरक्षेचा अध्यक्षीय आदेश निघाला.

आणि खोटा हल्ला पडद्यावर दिसायला हॅकर लागतच नाही, हे मुलाला जरूर सांगा. नोव्हेंबर १९७९ मध्ये नोराडच्या, म्हणजे हवाई हल्ल्याचा इशारा देणाऱ्या अमेरिका-कॅनडाच्या लष्करी केंद्राच्या, चालू यंत्रणेत सरावाचा डेटा शिरला आणि सोव्हिएत क्षेपणास्त्रं निघाल्याचं दिसू लागलं. जून १९८० मध्ये एक साधी चिप बिघडली, पुन्हा तेच.

सायली_के: बापरे! रशियाकडेही असं झालं होतं का?

जुना_मॉडेम: झालं ना, चित्रपट आला त्याच वर्षी, २६ सप्टेंबर १९८३ ला. उपग्रहाने अमेरिकेकडून पाच क्षेपणास्त्रं निघाल्याचं दाखवलं. ड्यूटीवर लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव होते. खरा हल्ला करणारा पाचच कशी सोडेल, असा विचार करून त्यांनी वर कळवलं, हा खोटा इशारा आहे. ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन उपग्रहाला क्षेपणास्त्र वाटलं होतं.