स्ट्रीक नको, स्कोअर बघा

खानापुरात पावसाची झड लागली की सकाळचं चालणं आठवडाभर बंद पडतं आणि सवयींची नोंद ठेवणाऱ्या ॲपमधली स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस सवय पाळली तो आकडा, शून्यावर येते, अशी तक्रार आहे. मग स्ट्रीकवर चालणारं ॲपच सोडा. अँड्रॉइडवर 'लूप हॅबिट ट्रॅकर' घ्या. फुकट आणि ओपन सोर्स आहे. त्यात रोजच्या सवयीचा स्कोअर (सवय किती पक्की, तो टक्का) ओळीने 13 दिवस चुकल्यावर निम्मा होतो. म्हणजे 80 टक्क्यांवरून सात दिवसांत साधारण 55, शून्य नव्हे. शिवाय सेटिंगमध्ये 'स्किप' चालू केलं की तो दिवस वगळता येतो, स्कोअर जागच्या जागी राहतो. पण आळसालाही स्किप लावत बसलात तर आकड्याला अर्थ काय राहिला?

एकादशीचा उपवासही यात नोंदवायचा असेल तर त्याला वार लावू नका, तिथी वारावर बसत नाही. '30 दिवसांत 2 वेळा' असं ठेवा. त्याची आठवण (रिमाइंडर) मात्र पंचांग बघून कॅलेंडरमध्येच टाकायला लागते.

या ॲपमध्ये सिंक नाही, म्हणजे नोंदी दुसऱ्या फोनवर आपोआप जात नाहीत, हीच मोठी खोट. फोन बदलण्याआधी पूर्ण बॅकअपची फाईल बाहेर काढा. सीएसव्ही फाईल फक्त एक्सेलमध्ये आकडे बघण्यापुरती. आणि ॲपमध्ये लावलेल्या बाकी सवयींच्या आठवणीच येत नसतील तर फोनच्या बॅटरी सेटिंगमधलं या ॲपवरचं बंधन काढा, बहुतेकदा घोळ तिथंच असतो.