पणजीतलं ते नवं डेझर्टचं दुकान (सोसायटी ग्रुप, पर्वरी)

बी-२०४: ज्या दुकानाचं रील इथे फिरत होतं, तिथे काल सगळे जाऊन आलो. बऱ्याच जणांचा रविवारचा बेत आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. बाहेर पाऊण तास पावसात उभे होतो. आडोसा नाही, सासूबाईंना कुणी साधी खुर्चीही दिली नाही. साडेचारशे रुपयांचा ‘बेबिंका जार’ आला. बेबिंका म्हणजे आपला गोव्याचा थराथरांचा केक, पण त्यात थर नव्हतेच. काचेच्या बरणीत व्हॅनिलाचं क्रीम, कॅरॅमल सॉस, बिस्किटाचा चुरा, आणि मधे फ्रीजमधून काढलेले बेबिंकाचे दोन कडक तुकडे. नारळाच्या दुधाची चव नाही, जायफळाचा वास नाही. लेकीने दोन चमचे खाऊन बरणी सरकवली. खूप चिडचिड झाली.

ए-१०१: अरेरे! आम्ही रविवारीच जाणार होतो. बाकीचं कसं होतं?

बी-२०४: चॉकलेट केक बरा होता. आइस्क्रीम खाल्ल्यावर मात्र टाळूला तुपकट थर चिकटून राहिला.

सी-३०२: वहिनी, मेनू बघा. बारीक अक्षरात ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलं असेल. साध्या आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के लागतो. फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेल चालतं. विकायला हरकत नाही, पण भाव आइस्क्रीमचा लावू नये.

बी-२०४: मेनूचा फोटो काढला होता. तसंच लिहिलंय! शिवाय बिलात १० टक्के सेवा शुल्क. काढा म्हटलं तर ‘सिस्टिममधून येतं’.

सी-३०२: ते आपोआप लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा सूचना काढल्या, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. बिल असेल तर १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मी मदत करतो.

डी-००३: बेबिंकाचं वाचून फार वाईट वाटलं गो. आमच्या लहानपणी शेजारच्या ख्रिस्ती घरात नाताळाच्या आधी तो भाजत, आम्ही पोरं दारात बसून राहायचो. अंड्याचे बलक, नारळाचं दाट दूध, साखर, मैदा, जायफळ. एक थर ओतायचा, वरून निखाऱ्यांची आच द्यायची, तांबूस झाला की तुपाचा हात फिरवून पुढचा. निदान सात थर. वरची आच जरा जास्त झाली तर जळतो, कमी झाली तर कच्चा राहतो, त्यामुळे ती बाई दुपारभर चुलीपासून हलायची नाही. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच नावाने मुलांना बरणीतलं क्रीम मिळायला लागलं, तर खरा बेबिंका त्यांना ओळखू तरी येईल का?

ए-१०१: पण काकू, नव्या पोरांनी काही वेगळं करून बघितलं तर बिघडलं कुठे? सेराडुरा ह्या क्रीमच्या गोड पदार्थातही बिस्किटाचा चुराच असतो, तो आपण आवडीने खातो.

डी-००३: करावं की! सेराडुरा मलाही आवडतो. पण तो सेराडुरा म्हणूनच मिळतो. ह्यांनी आपल्या बरणीला स्वतःचं नाव द्यावं, मी पहिली जाऊन खाईन.

बी-२०४: काकू, अगदी हेच मला तिथल्या मुलाला सांगायचं होतं. तो बिचारा पगारावर काम करणारा, त्याच्यावर काय ओरडणार. मेनूचे फोटो टाकून सविस्तर रिव्ह्यू लिहिला आहे, केक बरा होता हेही लिहिलंय.

सी-३०२: छान केलंत.

बी-२०४: शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाते आहे. कुणाला बेबिंका आणायचा आहे का?

ए-१०१: आमच्यासाठी अर्धा किलो. पण सासऱ्यांना अंडं चालत नाही, त्यांच्यासाठी काय आणाल?

डी-००३: दोदोल आणायला सांग. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ, अंडं नसतंच त्यात. घेताना चव बघून घे गो, नारळाचं दूध कमी असलं की लगेच कळतं.

बी-२०४: हो काकू. बाकीच्यांनी उद्या संध्याकाळपर्यंत सांगा, मी सकाळी लवकर निघते.